चंद्रतालच्या काठावरच तंबू ठोकता येतो का?

नाही, अगदी काठावर तंबू लावायला मनाई आहे; मुक्कामाचे तंबू तलावाच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे, ठरवून दिलेल्या जागेत असतात. हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातला हा नैसर्गिक तलाव २००५ पासून रामसर पाणथळ, म्हणजे रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा आहे आणि भोवतालचा भाग अभयारण्यात येतो. काठाला आखूड, ओलसर गवत असतं. बर्फाविना जेमतेम तीन-चार महिने मिळतात, त्यामुळे एकदा तुडवलेलं गवत लवकर भरून येत नाही. गाडीही अलीकडेच थांबते, शेवटचा टप्पा पायी. मात्र उंची साधारण ४,३०० मीटर, तेव्हा मनालीहून थेट येऊन त्याच रात्री तिथे झोपू नका. किन्नौरमार्गे आलात आणि आधी स्पितीतल्या काझा या मुख्य गावी दोन रात्री काढल्यात तर उंचीचा त्रास कमी. तरीही डोकं ठणकायला लागलं, तर सरळ खाली उतरा.