बसून काय मिळतं?

"ताई, मी पुण्यात वाढले. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले. घर गावात नाही, मळ्यातच. पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि चहा घेऊन विहिरीजवळच्या उंबराखाली अर्धा तास नुसती बसते. पाखरं ऐकते. सासूबाई म्हणतात, 'बसून काय मिळतं? गोठ्यात शेण तसंच पडलंय.' नवरा हसून सोडून देतो. मी आळशी नाही, पण आता तिथं बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं. सोडून देऊ का हे?"
– झुंजुमुंजू

झुंजुमुंजू,

सोडू नकोस. पण त्या उंबराखालून आधी ऊठ. उजाडायच्या आत, उसाच्या कडेला, एकटं खाली बसायचं? तुमच्याकडची बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते, आणि बसलेलं-वाकलेलं माणूस त्या जनावराला सावज वाटू शकतं. सहा वर्षं तिथं काढून हे तुला मी सांगायचं का? पडवीत बस, दिवा लाव. पाखरं तिथंही ऐकू येतात. कोतवाल अंधारातच सुरू होतो, उन्हाळ्यात त्याच्या जोडीला दयाळ. भारद्वाजाचं घुमणं तर दोन शेतं ओलांडून येतं. सातभाईंची टोळी अंगणात उतरली की मात्र शांतता संपली समज, तेव्हा कप विसळायला घे.

आता सासूबाई. त्यांच्या आईची पहाट जात्यावर गेली असणार, त्यांचीही थोडी. दळता दळता बाई मनातलं सगळं ओवीत घालायची: माहेर, पाऊस, नवऱ्याचा राग, विठोबा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या कामातून अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या, म्हणजे बायकांकडे बोलायला किती होतं बघ. आणि खाली पीठ पडत होतं, म्हणून 'बसून काय मिळतं' असं त्यांना कुणी विचारलं नाही. पुढं गिरणी आली. कष्ट वाचले ते फार बरं झालं. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण पहाटेचा तो हक्काचा वेळही जात्याबरोबर कोपऱ्यात गेला. रिकाम्या हातानं बसलेली बाई तुझ्या सासूबाईंनी बहुधा पाहिलेलीच नाही. त्यांना तू आळशी वाटत नसशील, नवलाची वाटत असशील.

मला खरा राग तुझ्या नवऱ्याचा आला. हसून सोडून देतो म्हणजे काय? गोठा त्याचाही आहे ना? शेण कोण काढणार, वैरण कोण टाकणार, डेअरीची गाडी यायच्या आत धारा कोण काढणार, हे एकदा जेवताना सगळ्यांसमोर ठरवून घे. ठरलेलं काम तुझ्याकडून चुकलं तर सासूबाईंनी बोलावं, मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. मात्र शेतीची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात तो पिकाला पाणी द्यायला दारं धरून पहाटे चिखलाच्या पायांनी घरी येतो. तेव्हा त्याच्या वाट्याचं शेणही तूच काढ आणि अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं कर. एवढं घरात चालायचंच.

आणि उद्यापासून दोन कप ओत. "आई, तुम्हाला जात्यावरचं काही आठवतं का हो?" एवढंच विचार. पहिल्या दिवशी त्या म्हणतील, "मला कुठं वेळ आहे." वाद घालू नकोस, कप त्यांच्या हाताशी ठेव आणि परत आपल्या जागी येऊन बस. त्या येतील किंवा चार दिवस येणारही नाहीत. साखर मात्र त्यांच्या हिशेबानं घाल, तुझ्या नाही.