निवडणुकीचा अर्ज भरण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. विधानसभेला उभी राहा म्हणून माणसं तुझ्या मागं लागली आहेत, आणि उत्तरेकडच्या गावांत डॉक्टर टिकत नाहीत याची चीड तुला स्वतःलाही आहे. तू उभी राहावंस, असं माझं मत आहे. पण या वाटेवर काही अवघड जागा आहेत. त्या आधी नजरेखालून गेलेल्या बऱ्या, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅनडातल्या व्हँकूवर बेटाच्या उत्तर टोकाकडचं तुझं पोर्ट हार्डी, तिथून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर फोर्ट रूपर्ट आहे. जुन्या किल्ल्याचं आज तिथं फारसं काही उरलेलं नाही. 1849 साली हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीनं तिथं कोळशासाठी ठाणं वसवलं होतं, आणि त्या ठाण्यावर जॉन सेबॅस्टियन हेल्मकेन हे पंचविशीतले डॉक्टर नेमले होते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या जर्मन वंशाच्या कुटुंबातला हा मुलगा. बापाचं मद्यगृह होतं. मुलानं आधी एका डॉक्टरकडे उमेदवारी केली, मग गाइज हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेतलं, जहाजावरचा डॉक्टर म्हणून हडसन उपसागर पाहिला, हिंदुस्थान आणि चीनची सफर केली आणि शेवटी वर्षाला 100 पौंडांवर कंपनीचा पाच वर्षांचा करार केला. ‘नॉर्मन मॉरिसन’ जहाजानं ऑक्टोबर 1849 मध्ये इंग्लंड सोडलं. वाटेत जहाजावर देवीची साथ फुटली. केप हॉर्नला वळसा घालून ते व्हँकूवर बेटाला लागलं तेव्हा 1850 चा मार्च उजाडला होता.

फोर्ट रूपर्टला कंपनीनं स्कॉटलंडहून खाणकामगार आणले होते. कोळसा म्हणावा तसा लागेना, कामगारांना ठरल्याबाहेरची कामं सांगितली जायची, आणि दक्षिणेकडून कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या बातम्या येत होत्या. संप झाला. कंपनीच्या अधिकाऱ्यानं दोघांना बेड्या घातल्या. अशा वेळी गव्हर्नर ब्लॅन्शर्ड यांनी या तरुण डॉक्टरला मॅजिस्ट्रेट करून टाकलं. तंटा कंपनी आणि तिच्या कामगारांमधला, आणि निवाडा करणारा कंपनीच्याच पगारावरचा! त्याच उन्हाळ्यात पळून आलेल्या तीन खलाशांचा खून झाला. हेल्मकेन होडीनं नाहविट्टी या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर गेले आणि खुनी ताब्यात द्या म्हणाले. त्या लोकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे भरपाई देऊ केली. हेल्मकेन यांना ती मान्य करता येईना आणि माणसं काही ताब्यात मिळेनात. पुढं युद्धनौका आली आणि गाव जाळलं गेलं.

हेल्मकेन यांनी मॅजिस्ट्रेटपद सोडलं. त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ज्याचं मीठ खायचं त्याच्याच भांडणात पंच व्हायचं नाही, एवढं त्यांना त्या वयात कळलं. तुझ्यापुढं हा प्रश्न वेगळ्या रूपात येईल. तुझा पगार आज आरोग्य खात्याच्या व्यवस्थेतून येतो. उद्या सभागृहात त्याच खात्याच्या खर्चावर तू बोलशील, आणि तुझ्याच सहकाऱ्यांच्या मानधनाचा ठराव पुढं येईल. अशा वेळी काय करायचं ते आत्ताच ठरव आणि प्रचारात लोकांना सांगून टाक. निवडून आल्यावर सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही.

आता व्हिक्टोरियाकडे येतो. मी इतकी वर्षं राहतो ते हे गाव तेव्हा लाकडी कुंपणाचा एक किल्ला होतं. आत ‘बॅचलर्स हॉल’ नावाची इमारत होती, अविवाहित कारकून-अधिकाऱ्यांची. किल्ल्याचा दवाखाना तिथंच. त्याचं वर्णन हेल्मकेन यांनीच म्हातारपणी लिहून ठेवलं आहे: मालाच्या खोक्यातला टिनचा पत्रा काढून केलेलं काउंटर, फळ्यांवर बाटल्या आणि औषधांच्या पुड्या, छताला टांगलेली एक खाट. 1856 च्या ऑगस्टमध्ये व्हँकूवर बेटाचं पहिलं निवडून आलेलं सभागृह भरलं तेही याच बॅचलर्स हॉलमध्ये. सभासद सात. मत द्यायला किमान 20 एकर जमीन लागायची, त्यामुळे मतदार अगदी मोजके. सभापती झाले डॉक्टर हेल्मकेन, आणि 1866 मध्ये समोरच्या मुख्य भूमीवरच्या ब्रिटिश कोलंबिया वसाहतीशी बेटाचं विलीनीकरण होईपर्यंत त्या खुर्चीवर तेच राहिले.

एव्हाना ते गव्हर्नर जेम्स डग्लस यांचे जावई झाले होते. सेसिलिया डग्लस ही थोरली मुलगी, तिची आजी क्री समाजातली. लग्न 27 डिसेंबर 1852 ला. बर्फ पडलेलं, नवरीसाठी आणलेली गाडी अडकली, आणि कायद्यानं लग्न दुपारी बाराच्या आत लागायला हवं. मग मालाचं एक खोकं फोडून त्याची घसरगाडी केली, वर लाल कापड टाकलं आणि नवरीला वेळेत पोचवलं. सासऱ्यांच्या घराशेजारी त्यांनी लाकडी घर बांधलं. ते अजून उभं आहे, आणि मुलीनं जपून ठेवल्यामुळे त्यांची औषधं, हत्यारंही वाचली. कधी आलीस की दाखवीन. 1865 मध्ये सेसिलिया गेली, तेव्हा मुलं लहान होती. हेल्मकेन यांनी दुसरं लग्न केलं नाही.

कर्मचारी कंपनीचा, जावई गव्हर्नरचा आणि सभापती लोकांचा, अशी तिहेरी गाठ. विरोधकांनी ‘हे सगळं एकाच घरातलं राज्य आहे’ म्हणून ओरड केली तर ती खोटी म्हणता येत नाही.

आणि मग 1862 आलं. यावर मी जरा थांबून लिहिणार आहे. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर व्हिक्टोरियात देवी आल्या. गावाभोवती साँगीस लोकांची वस्ती होती, आणि व्यापारासाठी, कामासाठी उत्तरेकडून आलेल्या हायडा, त्सिमशियन वगैरे लोकांचे तळ पडलेले. हेल्मकेन यांनी मूळ रहिवाशांच्या देवी काढायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात आकडा आला सुमारे 500 माणसांचा. साँगीस लोक लस घेऊन जवळच्या बेटावर जाऊन राहिले आणि त्यांच्यातले पुष्कळ वाचले.

उत्तरेकडच्या लोकांचं नशीब निराळं. पोलिस कमिशनरनं त्यांचे तळ उठवले, झोपड्या जाळल्या, गनबोटींच्या धाकानं त्यांना होड्यांत बसवून घरी पाठवलं. अंगात देवीचं विष घेऊन ती माणसं शेकडो मैल किनाऱ्यानं वर गेली. होड्या जिथं टेकल्या तिथं साथ पोचली. फोर्ट रूपर्टही सुटलं नाही. किनाऱ्यावरचे निम्म्याच्या आसपास मूळ रहिवासी त्या साथीत गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

लस टोचणारा हात हेल्मकेन यांचा होता. गव्हर्नर त्यांचे सासरे होते. सभापतीच्या खुर्चीवर ते स्वतः होते. एका डॉक्टरच्या हातात याहून जास्त सत्ता त्या बेटावर असणं शक्यच नव्हतं. देवीचा संसर्ग झालेल्या माणसांना पांगवलं तर काय होतं, हे जहाजावर साथ पाहिलेल्या डॉक्टरला कोणी सांगायला नको होतं. तरी तळ उठले. हेल्मकेन यांना त्या लसींचं श्रेय मी मनापासून देतो, आणि त्या खुर्चीकडून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. तू उभी राहतेस ती याच कारणासाठी राहा. दवाखान्यात तू एकेक माणूस वाचवतेस. पण माणसांना कुठं ठेवायचं, कुठून हलवायचं, कोणत्या गावात रात्री दिवा लावायचा, हे ठरतं ते सभागृहात, आणि तिथं साथ कशी पसरते हे जाणणारं माणूस बसलेलं पाहिजे. नुसतं बसून भागत नाही. ज्या दिवशी तळ उठवायचा हुकूम निघेल त्या दिवशी उठून बोलावं लागतं, हुकूम आपल्या माणसांचा असला तरी.

पुढची गोष्ट वाटाघाटींची. 1870 मध्ये कॅनडात सामील व्हायचं की नाही यावर व्हिक्टोरियात मोठा वाद झाला. हेल्मकेन आधी विरोधात होते. त्यांनी सभागृहात साफ सांगितलं की प्रेमापोटी जोडले जाऊ अशी आशा कोणी धरू नये, फायदा दिसला तरच लोक येतील, आणि कॅनडाबद्दलचं प्रेम भरभराटीतून आणि पुढच्या पिढीतून यावं लागेल. वसाहतीवर दहा लाख डॉलरच्या वर कर्ज होतं. विरोधात असलेल्या या माणसालाच गव्हर्नर मस्ग्रेव्ह यांनी शिष्टमंडळात घेतलं. तिघांपैकी दोघं डॉक्टर: हेल्मकेन आणि कॅरिबूच्या सोन्याच्या खाणींकडचे रॉबर्ट कॅरल. तिसरे जोसेफ ट्रच. कॅनडातून रेल्वे नव्हती, म्हणून ही मंडळी बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि वर्षापूर्वीच पूर्ण झालेल्या अमेरिकन रेल्वेनं पूर्वेला पोचली. ओटावात पंतप्रधान मॅकडोनाल्ड आजारी होते, बोलणी त्यांचे सहकारी मंत्री कार्टिए यांनी केली. आधी गाडीरस्ता करून द्या, रेल्वे जमेल तशी आणा, अशी मागणी घेऊन गेलेल्यांना दोन वर्षांत सुरू करून दहा वर्षांत पुरी करायच्या रेल्वेचा शब्द मिळाला, आणि कर्जही ओटावानं उचललं. 20 जुलै 1871 ला ब्रिटिश कोलंबिया कॅनडाचा प्रांत झाला. रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला नोव्हेंबर 1885 मध्ये, म्हणजे मुदत उलटून चार वर्षांनी. तूही ज्या पक्षाकडून उभी राहशील त्याच्याकडे अटी लेखी माग, तारखेसकट. तारीख चुकली तरी लिहिलेला शब्द लोकांना पुढं करता येतो.

यानंतर हेल्मकेन यांनी जे केलं ते फार थोड्यांना जमतं. सेनेटची जागा चालून आली होती, प्रांताचं पहिलं मुख्यमंत्रिपदही. दोन्ही नाकारून 1871 मध्ये ते राजकारणातून बाहेर पडले आणि पुन्हा रोगी तपासू लागले. तुरुंगाचे डॉक्टर म्हणून काम केलं, 1885 मध्ये प्रांतातल्या डॉक्टरांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि 1920 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी गेले. परत येता आलं कारण सभापती असतानाही त्यांनी रोगी सोडले नव्हते. तूही आठवड्यातला एक दिवस दवाखान्याला राखून ठेव.

आता कामाचं. अर्ज भरण्याआधी फोर्ट रूपर्टच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे क्वाकिउटल लोकांच्या, वडीलधाऱ्यांना जाऊन भेट. मतं मागू नकोस. 1862 बद्दल त्यांच्याकडे काय सांगण्यासारखं आहे ते ऐक आणि आज त्यांना रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर काय होतं ते विचार. दुसरं, तुझ्या मधुमेहाच्या आणि बाळंतपणाच्या रोग्यांची यादी करून प्रत्येकापुढं कोण बघणार त्याचं नाव लिही. प्रचाराचे काही आठवडे तुझी जागा सांभाळू शकेल असा एक निवृत्त डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. तुझ्या तारखा कळव, म्हणजे त्याला विचारून ठेवतो.

तुझे,
काका