चित्र काढायला घाबरणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी कोणती चित्रपुस्तकं आणावीत?

ताई, तुम्ही मालवणहून विचारलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, कागद पुढे ठेवला की "मला येत नाही, तूच काढून दे" म्हणते. तर चित्र काढण्याची, हाताने काही करून बघण्याची गोडी लागेल अशी चित्रपुस्तकं सुचवा, शक्यतो मराठीत. मी कुडाळच्या बाजूला एका वाचनालयात रविवारी मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. "माका जमना नाय" हे तिथे कायम कानावर पडतं, आणि ते म्हणणारी मुलं बहुतेक वेळा वर्गातली नीटनेटकी, हुशार मुलं असतात. त्यांना चांगलं चित्र कसं दिसतं हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच हात अडतो.

म्हणून आधी हे सांगते: "पाच पायऱ्यांत बदक काढा" छापाची पुस्तकं आणि रंगवायच्या वह्या सध्या कपाटात ठेवा. बरोबर बदक एकच असतं, असं तिला आधीच वाटतंय. तिला अशी गोष्ट हवी, जिच्यात काही तरी करणारं माणूस अडतं, चिडतं, कागद चुरगाळतं आणि पुन्हा बसतं. सुंदर झालेली चित्रं तिने खूप पाहिलीत, ती होताना मधे काय काय होतं ते पाहिलेलं नाही.

या बाबतीत माझा सगळ्यात जास्त भरवसा पीटर रेनॉल्ड्स यांच्या 'द डॉट'वर आहे (2003). वॅश्ती नावाची मुलगी चित्रकलेचा तास संपला तरी कोऱ्या कागदापुढे बसून आहे. बाई म्हणतात, एक खूण कर आणि बघ ती तुला कुठे नेते. ती रागाने कागदावर एक टिंब ठोकते. इथे दुसऱ्या कुठल्याही बाईंनी "वा, छान!" म्हटलं असतं. या बाई कागद नीट निरखतात आणि म्हणतात, यावर सही कर. पुढच्या आठवड्यात ते टिंब सोनेरी चौकटीत बाईंच्या टेबलामागे लागलेलं असतं. ते बघून वॅश्तीला वाटतं, याच्यापेक्षा चांगलं टिंब मला काढता येईल! मग ती रंग काढते आणि सुटते: लहान टिंबं, मोठी टिंबं, भोवती सगळं रंगवून मधे कोरं सोडलेलं टिंब.

त्या सहीसाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. कौतुकानेही काही मुलं घाबरतात, कारण पुढचं चित्र तितकंच छान व्हायला हवं ना. सही करायला सांगितलं की चित्र चांगलं की वाईट हा विषयच निघत नाही, ते तिचं आहे एवढंच ठरतं. वाचून झाल्यावर मी हाताच्या पंजाएवढे कागद वाटते. लिहिता न येणारी मुलं आपापली खूण ठरवतात, कुणी मासा, कुणी नुसती तिरकी रेघ. एका मुलाने कोऱ्या कागदावर आधी सहीच केली, बराच वेळ तिच्याकडे बघत बसला आणि मग तिच्याभोवती होडी काढली. तुमच्या मुलीचंही असं उलट्या बाजूने सुरू झालं तर होऊ द्या.

घरात चिडवणारं मोठं भावंड किंवा चुलतभाऊ असेल तर त्याच लेखकाचं 'इश' (2004) घ्या. त्यात मोठा भाऊ चित्राला हसतो, मुलगा एकेक कागद चुरगाळून टाकत जातो, आणि धाकटी बहीण तेच बोळे उचलून आपल्या खोलीच्या भिंतीवर लावते.

वस्तू बनवण्याबद्दल अ‍ॅश्ली स्पायर्स यांचं 'द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग' (2014) मला फार आवडतं. मुलगी आणि तिचा कुत्रा मिळून एक भन्नाट वस्तू बनवायला घेतात. प्रत्येक वेळी काही तरी चुकतं, शेवटी बोटावर हातोडी बसते आणि ती भडकते. मग कुत्र्याला घेऊन चक्कर मारून येते. आल्यावर आपल्याच फसलेल्या वस्तू नीट बघते, तर कुणाचा एक भाग बरोबर जमलाय, कुणाचा दुसरा. मुलांना राग येऊ देणारी पुस्तकं कमी आहेत. या पुस्तकात राग अख्खी पानं व्यापतो आणि त्याबद्दल कुणी तिला उपदेश करत नाही.

क्रॉकेट जॉन्सन यांचं 'हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन' 1955 चं आहे, पण आजही मुलं त्यात गुंगतात. अँटोनेट पोर्टिस यांचं 'नॉट अ बॉक्स' (2006) तर अगदी थोड्या शब्दांत आहे, घरात कुरिअरचं रिकामं खोकं असलं की लगेच कामाला येतं. ही सगळी इंग्रजी आहेत म्हणून अडू नका. पानावर एक-दोन ओळी असतात. चित्र दाखवत तुमच्या घरच्या बोलीत गोष्ट सांगा, वॅश्तीच्या बाई मालवणीत बोलल्या तरी चालतं.

मराठीत माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करा. त्या स्वतः चित्रकार, शिकल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या 'राधाचं घर'मध्ये कलेविषयी थेट काही नाही, पण साध्या घरातली माणसं चित्रात किती बारकाईने बघता येतात ते आहे. चित्र काढण्याआधी बघणं यावं लागतं. त्यांच्या 'वाचू आनंदे'मध्ये उताऱ्यांच्या जोडीला भारतीय चित्रं आणि शिल्पं आहेत. मुलगी अजून उतारे वाचणार नाही, नुसती पानं उलटत चित्रांवर गप्पा मारा. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे, तिथे मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. हाताने खेळणी करायची असतील तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघडा. टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी आणि मराठीतली कितीतरी पुस्तकं तिथे मोफत आहेत.

आता माझा आग्रह. पुस्तकं मागवाल तेव्हा मागवाल, त्याआधी तिला कुडाळजवळच्या पिंगुळीला घेऊन या. मालवणहून तासाभराची वाट आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे आपल्या भागातलं जुनं चित्रपुस्तकच. सुट्या चित्रांचा एक संच, त्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र समोर उभं करतो आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गात गात सांगतो, मग पुढचं चित्र. कळसूत्री बाहुल्याही तिथे आहेत. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. परत आल्यावर मुलीला पाच-सहा सुटे कागद द्या. वही देऊ नका, वहीत बिघडलेलं पान तसंच राहतं आणि ते अशा मुलांना सलतं. सुट्या कागदांचा क्रम बदलता येतो, एखादा काढून टाकता येतो. तिने सांगायचं, तुम्ही ऐकायचं. "हे काय काढलंस?" असं विचारू नका, "पुढे काय झालं?" विचारा. तेवढ्याने घोडा घोड्यासारखा दिसतोय का ही काळजी मागे पडते.

आणि गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवतात ती जागा, तर तुमच्या वाडीजवळच असणार. मूर्तीसाठी पाट द्यायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या, आणि नंतरही दोन-तीनदा फिरकू द्या. साच्यातून निघालेला गणपती आधी ओबडधोबडच असतो. जोडावर सांध दिसते, हात वेगळे लावलेले असतात, पाण्याच्या बोटाने माती सारखी करत बसावं लागतं. मग पांढरा रंग, मग बाकीचे रंग, आणि डोळ्यांची आखणी शेवटी. एवढे दिवस बिनडोळ्यांचा गणपती फळीवर बसलेला बघितला की अर्धवट राहिलेल्या कामाची भीती कमी होते. बहुतेक कारागीर मुलांना मातीचा गोळा देतात, मागून बघा.

रंगांसाठी लिओ लिओनी यांचं 'लिटल ब्लू अँड लिटल यलो' (1959) आहे. रेल्वेच्या प्रवासात नातवंडांना गप्प बसवायला त्यांनी मासिकाच्या पानाचे रंगीत तुकडे फाडून ही गोष्ट रचली होती. निळा आणि पिवळा मिठी मारतात आणि हिरवे होतात. हे वाचलं की परसातली जास्वंद तोडून आणा. लाल पाकळी कागदावर चोळली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. यात नीट काढण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे "येत नाही" म्हणायला तिला जागा मिळत नाही.

पैशांचा अंदाज विचारलात, तर परदेशी चित्रपुस्तकं महाग पडतात, मराठी त्यामानाने पुष्कळ स्वस्त. सध्या एकच परदेशी पुस्तक घेणार असाल तर 'द डॉट' घ्या, उरलेल्या पैशांत 'राधाचं घर' आणि सुट्या कागदांचा एक जाड गठ्ठा. दोन-चार शेजारी मिळून वर्गणी काढलीत तर 'मोस्ट मॅग्निफिसंट थिंग'ही येईल, आणि ते आळीपाळीने घरोघर फिरवता येईल.