मेंढरू म्हटलं की राग येतो

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर पाचच्या पाच पत्रं मेंढरांवर. कारण उघड आहे, उत्तम मेंढपाळाचा रविवार नुकताच होऊन गेला, चर्चमध्ये योहान १० वाचला गेला (येशू तिथे 'मी उत्तम मेंढपाळ आहे' म्हणतो), स्तोत्र २३ गायलं गेलं, आणि घरी येऊन जेवायला बसल्यावर लोकांना प्रश्न पडले. चांगलंय. मी काही धर्मपंडित नाही, मिशनच्या शाळेत मास्तरकी केली आणि दर रविवारी संडे स्कूल घेतलं, तेवढ्या भांडवलावर सांगतो.

प्रश्न : गुरुजी, सलाम. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आली, आमच्याबरोबर चर्चला आली आणि घरी आल्यावर म्हणाली, "आई, तिथे आपल्याला मेंढरं म्हणतात आणि आपण सगळे आमेन म्हणतो." मला काही उत्तर देता आलं नाही. – एक आई, श्रीरामपूर

उत्तर : ताई, आधी मुलीला शाबासकी द्या, ती ऐकत बसली होती याचा अर्थ. मराठीत मेंढरू म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, खाली मान घालून पुढच्याच्या मागे जाणारं, एक खड्ड्यात पडलं की मागची सगळी पडतात. पोराला आपण म्हणतोच ना, मित्रांच्या मागे मेंढरासारखा जाऊ नको. तो अर्थ डोक्यात ठेवून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं तर राग येणारच.

पण शास्त्रात मेंढराचा दोष वेगळाच सांगितलाय. यशया ५३ काढा, 'आम्ही सर्व मेंढरांप्रमाणे बहकून गेलो होतो', इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं, पुढचं वाचायचं राहतं, तिथे म्हटलंय की प्रत्येकाने आपापला मार्ग धरला होता. म्हणजे तक्रार एकामागून एक गेल्याची नाहीच, जो तो आपल्याच तंद्रीत चरत चरत लांब निघून गेला त्याची आहे. आपल्या म्हणीच्या बरोब्बर उलट. मुलीला हे सांगा, तिला आवडेल.

दुसरं, स्तोत्र २३ समोर घ्या आणि त्यात मेंढरू हा शब्द शोधा. सहा वचनं आहेत, एकदाही सापडणार नाही. ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे तो दावीद 'मी मेंढरू आहे' असं म्हणतच नाही, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणतो. आपण कोण ते सांगायचं नाहीये त्याला, जबाबदारी कुणाची ते सांगायचंय. आणि त्या काळी मेंढपाळ ही राजानं स्वतःला लावून घ्यायची पदवी होती. बाबिलोनच्या हम्मुराबीनं इ.स.पू. १७५० च्या आसपास जे कायदे दगडावर कोरून घेतले त्याच्या सुरुवातीलाच तो स्वतःला मेंढपाळ म्हणवतो, आणि इजिप्तच्या फारोचं चित्र बघा, हातात आकडी आहे, आपल्या मेंढक्याची असते तशीच. अशा दुनियेत एक माणूस, तोही स्वतः राजा, म्हणतो की माझा मेंढपाळ परमेश्वर. म्हणजे माझ्यावरही कुणीतरी आहे. आता याला लाचारी म्हणायचं का ते मुलीनंच ठरवावं.

आणि त्या स्तोत्रातलं ते 'हिरवं कुरण'. आपल्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचं स्वित्झर्लंड येतं, गोरा येशू, नुकतंच शाम्पूनं धुतल्यासारखं कोकरू आणि मागे धबधबा. बेथलेहेम डोंगराच्या कण्यावर आहे, भूमध्य समुद्राकडून येणारा पाऊस तिथपर्यंत पडतो आणि पूर्वेला मृत समुद्राच्या बाजूनं उतरायला लागलं की संपतो, पंचवीसेक किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर उतार आणि सगळं उघडंबोडकं. सह्याद्री ओलांडून माण-खटावला उतरलेल्या माणसाला वेगळं समजावायला नको. तिथे हिवाळ्यातल्या पावसावर दोनचार महिने दगडांच्या फटीतून गवताची बोटभर पाती येतात, बाकी वर्षभर कुठे काय उगवलंय आणि कुठल्या घळीत पाणी आहे हे ज्याला माहीत त्याचीच मेंढरं जगतात. म्हणजे 'मला काही उणे पडणार नाही' हे वाक्य पोट भरून ढेकर देताना आलेलं नाही, जिथे सगळंच उणं आहे तिथे उभं राहून म्हटलेलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे कन्व्हेन्शनला (प्रवचनांच्या मेळाव्याला) आलेल्या वक्त्यांनी सांगितलं की कोकरू सारखं पळून जात असेल तर मेंढपाळ मुद्दाम त्याचा पाय मोडतो, मग बरा होईपर्यंत खांद्यावर घेऊन फिरतो, म्हणजे ते पुन्हा लांब जात नाही, देवही आपल्याला असाच शिकवतो. माझ्या धाकट्या भावाचा अॅक्सिडेंट होऊन पाय गेला त्याला दोन वर्षं झाली. तो तिथेच बसला होता. हे खरं आहे का? – एक वाचक, जालना

उत्तर : नाही. हे बायबलमध्ये कुठेही नाही, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत शोधा. प्रवचनात चांगलं वाटतं म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलेली गोष्ट आहे.

उलट जे लिहिलंय ते वाचा. यहेज्केल ३४ मध्ये देव मेंढपाळांवर चिडलाय आणि कशासाठी, तर जे मोडलं होतं त्याला तुम्ही पट्टी बांधली नाही, जे चुकलं होतं ते शोधून आणलं नाही, आणि पुढे म्हणतो की ते आता मी करीन, मोडलेल्याला मी बांधीन. जखऱ्या ११ मध्ये मात्र एक मेंढपाळ आहे जो मेंढरांचे खूरसुद्धा फोडून टाकतो, त्याला तिथे निकम्मा मेंढपाळ म्हटलंय. आता वक्त्यांनी देवाला कुठल्या रांगेत नेऊन बसवलं ते बघा.

एक आठवण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात एका खेड्यावर होतो, दिवाळीनंतर शाळेमागच्या रानात धनगरांचा वाडा उतरायचा, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन बसायचो. मेंढ्या रानातून परत आल्या की कोकरं सोडायची, शंभरभर कोकरं आणि तेवढ्याच आया, नुसता कालवा, कानाला दडे बसायचे, आणि चारपाच मिनिटांत सगळं गप्प, कारण प्रत्येकाला आपापली आई सापडलेली. 'माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात' हे वचन मी शाळेत कितीतरी वेळा शिकवलं होतं, कळलं तिथे. तर हीच पाय मोडायची गोष्ट मीही कुठेतरी ऐकली होती, एका म्हाताऱ्याला विचारलं की मामा, तुम्ही असं करता का. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, "गुरुजी, आज हितं तर उद्या तिथं, आमचं पोट चालण्यावर, बकऱ्याचा पाय मोडल्यावर त्येला काय तुम्ही उचलून चालणार व्हय?" (मेंढरांना ते बकरंच म्हणतात.) त्याच्याकडे एक कोकरू खरंच पाय मोडलेलं होतं, दगडात अडकून. बांबूच्या दोन कांबटी, वर चिंधी, घट्ट बांधलेली, आणि मुक्काम हलला तेव्हा ते कोकरू घोड्यावर, पिशवीतून डोकं बाहेर काढून.

आता काठीबद्दल, कारण स्तोत्र २३ मधल्या 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' यावरून लोक मार देण्याकडेच जातात. काठी कशाला लागते तर लांडग्याला, आणि मोजायला. लेवीय २७ मध्ये काठीखालून जाणाऱ्या जनावरांचा उल्लेख आहे, दाराशी काठी आडवी धरायची, एकेक खालून सोडायचं, मोजायचं. त्यात धीर हा की आपली मोजणी झाली, आपण हजेरीत आहोत.

भावाला माझा सलाम सांगा. अॅक्सिडेंट रस्त्यावर झाला, त्याचं खापर देवाच्या काठीवर फोडू नका, आणि पुढच्या कन्व्हेन्शनला कुणी पुन्हा ही गोष्ट सांगितली तर उठून यहेज्केल ३४:१६ वाचून दाखवायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) मीटिंगमध्ये आम्ही बांधकाम फंडाचा हिशेब मागितला तर उत्तर मिळालं की मेंढरांनी मेंढपाळाला प्रश्न विचारायचे नसतात. यावर शास्त्र काय म्हणतं? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही, गावही नाही.

शास्त्रात मेंढपाळाइतका हिशेबात बांधलेला माणूस दुसरा नाही. मेंढरं बहुतेक वेळा त्याची नसतातच, मालकाची असतात. निर्गम २२ मध्ये कायदाच आहे, राखायला दिलेलं जनावर श्वापदानं फाडलं तर राखणाऱ्यानं पुरावा आणून दाखवायचा, मग भरपाई माफ. म्हणून आमोस ३:१२ मध्ये मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा ओढून काढतो, आता कानाच्या तुकड्यानं मेंढरू काही जिवंत होत नाही, तो पुरावा आहे, आजच्या भाषेत व्हाउचर. आणि याकोब? सासऱ्याची, लाबानाची, जनावरं वीस वर्षं राखली, भांडण झालं तेव्हा सगळं बोलून दाखवलं, दिवसा उन्हानं आणि रात्री थंडीनं खाल्लं, डोळ्याला डोळा लागला नाही, जे फाडलं गेलं ते तुझ्याकडे आणलंच नाही, नुकसान मी सोसलं. उत्पत्ती ३१ आहे, सावकाश वाचा.

शिवाय यहेज्केल ३४ पुन्हा. यरुशलेम इ.स.पू. ५८७ च्या सुमारास पडलं, लोक बाबिलोनला नेले गेले, आणि संदेष्टा मेंढरांना नाही झोडपत, मेंढपाळांना झोडपतो की तुम्ही स्वतःलाच चारलंत, लोकर तुम्ही पांघरलीत. हे मेंढपाळ म्हणजे राजे आणि पुढारी. आपल्या शिष्याला, पेत्राला, येशू तीनदा म्हणाला की माझी मेंढरं राख, तीनदा 'माझी', एकदाही 'तुझी' नाही. पेत्राच्याही ते लक्षात राहिलं असावं, कारण १ पेत्र ५ मध्ये तो मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, सांगतो की पैशाच्या लोभानं नको, धनीपण गाजवून नको, मुख्य मेंढपाळ यायचा आहे.

पास्टर हा लॅटिन शब्द, अर्थ मेंढपाळ, आपण त्याला पाळक म्हणतो आणि पुढे साहेब लावतो. धनगराला मेंढपाळसाहेब म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, निवडून आल्याच्या महिन्यातच, धर्मगुरूंना सांगितलं होतं की अंगाला मेंढरांचा वास येणारे मेंढपाळ व्हा. वासाचं पुढचं पुढे, तुम्ही आधी पावत्या मागा, लेखी, चारपाच जणांच्या सह्या घेऊन, आणि आवाज न चढवता.

प्रश्न : मत्तय २५ मध्ये, शेवटच्या न्यायाच्या गोष्टीत, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे. शेळ्यांनी काय पाप केलं? आमच्या घरी चार आहेत. – वसई

उत्तर : काही नाही केलं, निवांत पाळा. तिकडे मेंढ्या-शेळ्या एकत्रच चरायच्या आणि नंतर वेगळ्या करायच्या, रोजचं काम, येशूनं तेवढंच उचललं. निर्गम १२:५ मध्ये वल्हांडण सणाला कापायचा कोकरा मेंढरांतून घ्या नाहीतर बकऱ्यांतून घ्या असं म्हटलंय, म्हणजे देवाच्या लेखी शेळी काही कमी नाही. त्या गोष्टीत निवाडा भुकेल्याला जेवण दिलं की नाही यावर होतो, जातीवर नाही.

प्रश्न : मी संडे स्कूल घेते. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना सात वर्षांच्या मुलानं विचारलं, "मग बाकीची नव्व्याण्णव कोण बघणार, लांडगा आला तर?" मी विषय बदलला. – सोलापूर

उत्तर : विषय बदलायचा नाही, बाई, त्या मुलाला खडू द्या आणि फळ्यावर लांडगा काढायला लावा, तोवर तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

शंभरांतलं एक हरवलं म्हणून लूक १५ मध्ये मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव रानात सोडतो, मत्तय १८ मध्ये डोंगरावर. राखायला कुणी होतं का ते दोन्हीकडे लिहिलेलं नाही. पण एवढा कळप सहसा एकटा माणूस राखत नाही, आपल्या धनगराच्या वाड्यातही बायकापोरं, कुत्री, घोडी असा अख्खा संसार बरोबर असतो. आणि दावीद लढाईवरच्या भावांना दाणे-भाकरी द्यायला निघाला तेव्हा त्यानं मेंढरं एका राखणाऱ्याच्या हवाली केली होती, १ शमुवेल १७:२०, तिथे पुढे दावीद धिप्पाड गल्याथाला मारतो, त्या गडबडीत हे वचन सगळे गाळतात. तेव्हा मुलाला सांगा की बदली माणूस ठेवायची पद्धत होती.

दुसरं हेही सांगा की त्यानं खांद्यावर घेतलं ते चित्रातलं मांजराएवढं कोकरू नव्हे, लूकमध्ये मेंढरू आहे, मोठं, सहज पंचवीस-तीस किलो, पाठीवर घेऊन रानातून घरापर्यंत. रोममधल्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातली चित्रं आहेत, त्यात मेंढपाळ तरणा पोरगा दाखवलाय, दाढी नाही, आखूड झगा, आणि मानेवरच्या मेंढराचे पाय छातीशी गच्च धरलेत. मोबाईलवर सापडतं, मुलांना दाखवा.

घरी आल्यावर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारतो की या, माझं मेंढरू सापडलं, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो रानात परत गेला का, नव्व्याण्णव सुखरूप होती का, लूकनं लिहिलेलं नाही. मुलानं तेही विचारलं तर मला कळवा.