हेळव्याच्या वहीत नाव घालायला नको होते

सोलापूर शहरातल्या एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मूळ गावी भावकीतल्या एका आजोबांची नऊ एकर जमीन. ते 1994 मध्ये वारले, मूलबाळ नव्हते. जमीन आजींच्या नावावर आली आणि 2018 मध्ये त्याही गेल्या. 2019 मध्ये आजींच्या माहेरच्या भाच्याने वारस म्हणून नोंद करून घेतली. वाचकाचे म्हणणे असे की, आपले पणजोबा आणि त्या आजोबांचे वडील सख्खे भाऊ. पणजोबा मिलीत कामाला सोलापुरात आले आणि गावाच्या नावावरून वेगळे आडनाव लागले. पुरावे तीन: हेळव्याची (गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याची) वही, 2020 चे वंशावळीचे शपथपत्र आणि वडिलांनी 2019 मध्ये मोबाइलवर सांगितलेली वंशावळ. तलाठ्यापासून प्रांतापर्यंत हेलपाटे झाले, पण दिवाणी दावा अजून लावलेला नाही.

आडनावे आणि गावे बदलून हेच पत्र मला वारंवार येते. फेरफाराने, म्हणजे महसूल दप्तरातल्या नावाच्या नोंदीने, मालकी ठरत नाही, हे आता पुन्हा समजावत नाही. तुमचे प्रकरण एकाच अटीवर उभे आहे, तिच्याकडे या.

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मधील कलम 26 चा पाचवा आणि सहावा खंड वाचा (जुन्या कायद्यात कलम 32, पोटकलम 5 आणि 6). हयात नसलेल्या माणसाने घराण्यातल्या नात्याबद्दल काही सांगितले असेल, किंवा घराण्याच्या वंशावळीत ते नाते लिहिलेले असेल, तर न्यायालय ते पुराव्यात घेते. सांगणाऱ्याला ते नाते जवळून माहीत असले पाहिजे. आणि वाद उपस्थित होण्याआधी ते सांगितले किंवा लिहिले गेले असले पाहिजे. ही शेवटची अट निर्णायक आहे. वाद म्हणजे दावा दाखल होण्याचा दिवस नव्हे, प्रत्यक्ष तंटा सुरू झाला तो दिवस. आजींच्या तेराव्यालाच जमिनीवरून शब्दाला शब्द लागला असे तुम्ही स्वतः लिहिले आहे. म्हणजे रेघ 2018 मध्येच ओढली गेली.

आता तुमचे पुरावे या रेघेवर ठेवून पाहा. शपथपत्र 2020 चे, वाद पेटल्यानंतर हितसंबंधी माणसाने केलेले. त्याला किंमत नाही. वडिलांचे बोलणे 2019 चे. त्यांना सगळे माहीत होते, पण या खंडाखाली तेही बसत नाही. वडील 2022 पर्यंत हयात होते. 2019 मध्येच दावा लावला असता, तर वय आणि प्रकृतीचे कारण देऊन कोर्ट कमिशनरमार्फत (साक्ष नोंदवायला न्यायालयाने नेमलेल्या माणसामार्फत) त्यांची साक्ष घरी नोंदवता आली असती, उलटतपासणीसह. तीन वर्षे तुम्ही महसूल कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि सर्वात मोठा साक्षीदार हातचा गेला. हे वाचताना मला फार वाईट वाटले आणि रागही आला.

उरली हेळव्याची वही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पानाच्या माथ्यावर शके 1884 आहे. त्यात 78 मिळवा, म्हणजे 1962-63. त्या साली हेळवी गावात आला तेव्हा जमीनवाल्या आजोबांच्या वडिलांनी नावे सांगितली आणि धाकट्या भावाच्या नावापुढे ‘सोलापुरास गेला’ असे लिहून घेतले. याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो. सांगणारा तुमच्या शाखेतला नाही, त्याला त्यात कसलाही फायदा नव्हता आणि वादाला अजून 56 वर्षे अवकाश होता.

आणि त्याच पानावर तुम्ही 2021 मध्ये त्या भावाखाली तुमचे आजोबा, वडील आणि स्वतःचे नाव घालून घेतले! त्याची गरज काय होती? आजोबांच्या खालची साखळी शाळेच्या जनरल रजिस्टरमधून आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदींतून सिद्ध होते. आता समोरचा वकील नव्या शाईच्या ओळीवर बोट ठेवील आणि जुन्या ओळीवरही शंका घेईल. ती ओळ खोडू नका, पान फाडू नका, झेरॉक्समध्ये झाकू नका. 2021 मध्ये आम्ही ही नावे घालून घेतली, असे वादपत्रातच लिहा. नवी ओळ जुनी म्हणून पुढे केली, तर खोटा पुरावा तयार केल्याचा फौजदारी प्रश्न उभा राहील. वही तुमच्या कपाटात नको, हेळव्याकडेच राहू द्या. त्याने ती कोर्टात आणावी आणि हे अक्षर माझ्या वडिलांचे आहे असे सांगावे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तर हस्ताक्षर खरे असल्याचे साक्ष्य अधिनियमाच्या कलम 92 चे गृहीतक मिळू शकते. मजकूर खरा आहे, हे मात्र त्याने ठरत नाही.

खरी दरी मधल्या एका दुव्यात आहे. ‘सोलापुरास गेला’ तो भाऊ म्हणजेच तुमचे पणजोबा, हे कशावरून? नाव एक असणे पुरेसे नाही. बिहारमधल्या बेतिया संस्थानच्या वारसाहक्काचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये फेटाळला, तो वंशावळ काटेकोरपणे सिद्ध न झाल्यामुळेच. कुलदैवत बाळ्याचा खंडोबा, देवक तेच, हे सांगू नका. निम्मा जिल्हा तेच सांगेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावचा नमुना नंबर 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. तुमच्या आजोबांचा जन्म गावीच झाला असेल तर तिथे बापाचे नाव सापडेल. मग पंढरपूरला जा. क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या) वह्या गावांच्या नावाने लावलेल्या असतात आणि वारीला गेलेला माणूस मूळ गाव, बापाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण सांगून जात असे. पणजोबांचे नाव, मूळ गाव आणि ‘हल्ली सोलापूर’ असे एका ओळीत मिळाले, तर दरी बुजेल. मजकूर मोडीत किंवा कानडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि त्यालाही साक्षीला तयार ठेवा. एखाद्या कागदावर फसली सन (जुनी महसुली कालगणना) असेल तर इसवी सनासाठी साधारण 590 मिळवा.

बाकीचे मी बेताने सांगतो, कागद पाहिल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही. पतीकडून आलेली मिळकत निपुत्रिक विधवेच्या मृत्यूनंतर पतीच्या वारसांकडे जाते (हिंदू उत्तराधिकार अधिनियम, कलम 15, पोटकलम 2), त्यामुळे माहेरच्या भाच्याचा हक्क कमजोर दिसतो. मात्र आजींनी मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र केले असेल तर सगळे चित्र बदलते. शिवाय जमीनवाल्या आजोबांना बहीण होती का, हे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. आजी वारल्या तेव्हा त्या बहिणीचा मुलगा किंवा मुलगी हयात असेल, तर ते वर्ग दोनचे वारस ठरतात, आणि तुमच्यासारखे गोत्रज, म्हणजे केवळ पुरुषांकडून नाते लागणारे, त्यांच्यानंतर येतात. मग वही कितीही चांगली असली तरी जमीन तुमची नाही. मुदत आजींच्या मृत्यूपासून बारा वर्षे धरली तर 2030 पर्यंत दिसते, पण तेवढे थांबू नका. आपल्याकडे पुरावा सुरू व्हायलाच किती वर्षे जातात हे रोज पाहतो, आणि साक्षीदार तारखांसाठी थांबत नाहीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे की, तुमच्या वडिलांची थोरली बहीण 81 वर्षांची आहे, माळकरी आहे आणि गावच्या भावकीतल्या प्रत्येक सुतकाला तिला निरोप यायचा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 44 खाली नात्याबद्दलचे असे वागणे पुराव्यात येऊ शकते, आणि ते तिने स्वतः पाहिलेले आहे. या महिन्यातच मालकीहक्क घोषित करून मिळण्याचा, ताब्याचा आणि मनाईचा दावा दाखल करा आणि पहिल्याच अर्जात आत्याबाईंची साक्ष कमिशनरमार्फत घरी नोंदवण्याची मागणी करा. पंढरपूरची वही त्यानंतर आठवडाभराने पाहिली तरी चालेल.