नव्या प्रेल्यूडला गिअरचा दांडा मिळेल का?

प्रश्न : २००१ मध्ये बंद झालेली होंडाची प्रेल्यूड ही स्पोर्ट्स मोटार २०२५ मध्ये परतली; परंतु तिला हाताने बदलायचे गिअर नाहीत, हे वाचून मन खट्टू झाले. टोयोटाने सुप्राला नंतर मॅन्युअल गिअरबॉक्स दिला, तसे येथेही घडेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : गायमुखच्या कोंडीत क्लच दाबून पाय भरून येत असतानाही आपण मॅन्युअलचीच आस धरता, याचे कौतुक वाटते. मात्र सुप्राचा दाखला येथे लागू पडत नाही. २०१९ मध्ये ती केवळ आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह परतली आणि २०२२ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल जाहीर झाला. तेथे पेट्रोल इंजिनाला दुसरा गिअरबॉक्स जोडायचा होता, जे खर्चिक असले तरी शक्य होते. प्रेल्यूडच्या हायब्रिड रचनेत नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. बहुतेक वेळा इंजिन जनित्र फिरवते, चाके विजेची मोटर ओढते आणि महामार्गावरील एकसारख्या वेगाच्या धावेत तेवढा एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. ‘एस प्लस शिफ्ट’ ही सोय इंजिनाचे फेरे व आवाज यांतून आठ गिअरचा आभास निर्माण करते; आम्हाला तो लुटुपुटीचा वाटतो. त्यामुळे या पिढीत मॅन्युअल येण्याची आशा आम्ही तरी धरणार नाही. दांडाच हवा असेल, तर होंडाचीच सिव्हिक टाइप आर पाहावी. प्रेल्यूडचे पुढचे सस्पेन्शन तिच्यावरूनच घेतलेले आहे.