शाम्पूने केस गळतात का? केस किती दिवसांनी धुवावेत आणि कंडिशनर लावावा की नाही?

तुम्ही लिहिलंय की पाच दिवसांनी केस धुतले की मूठभर गळतात, आई म्हणते शाम्पू सोड आणि शिकेकाई लाव, कंडिशनरने तर म्हणे केस पातळ होतात. शाम्पूने केस मुळापासून गळत नाहीत. एवढं सांगून मी गप्प बसू शकले असते, पण हेच वाक्य मी सासरी इतक्यांदा ऐकलंय की आता पूर्णच सांगते.

२०१६ च्या मार्चमध्ये बाळंतपण उरकून मी माहेराहून लातूरला परतले. माहेर राजापूरकडचं. तिथल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ की अंगाचा साबण सुटता सुटत नाही. लातूरला तेव्हा नळ कोरडे. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या गल्लीत मात्र टँकर आला तर आला, नाहीतर शेजारच्या प्लॉटमधला बोअर. त्या पाण्याने बादलीच्या आत पांढरा थर धरायचा आणि तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही आख्खीच राहायची. डोक्यावरून न्हायचं तर एक बादली, त्यावर तांब्या नाही.

बाळ चार महिन्यांचं आणि माझे केस सगळीकडे. उशीवर, बाळाच्या मुठीत, एकदा तर कणकेत. जाऊबाईंनी तो केस दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि निकाल दिला, "हे शाम्पूनंच जायलेत तुझे केस. किती सांगायलेय, शिकेकाई लाव."

आता त्यांची शिकेकाई म्हणजे काय, तर शिकेकाईचा साबण. वडी. त्यात शिकेकाई असेलही चिमूटभर, पण साबण तो साबणच, अल्कधर्मी. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, ते अशा पाण्यात उचकटतात आणि केस एकमेकांत अडकतात. त्यात बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा साका होतो, तो केसांवरच बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा न्हायला वाईट असू शकतं. जाऊबाई न्हाल्या की केस दोरखंडासारखे राठ व्हायचे, फणी अर्ध्यात अडकायची, आणि त्या म्हणायच्या, बघ कसे दाट लागतात हाताला. दाट कसले, चुन्याचे!

मी एकदा ओट्यावरच दाखवून दिलं. दोन बाटल्यांत तेच बोअरचं पाणी अर्ध्यापर्यंत घेतलं, एकीत त्यांच्या वडीचा कीस, दुसरीत थेंबभर शाम्पू, आणि दोन्ही हलवल्या. शाम्पूच्या बाटलीत फेस वर आला. साबणाच्या बाटलीत नासलेल्या दुधासारखे कण तरंगले. सासूबाई बघून हसल्या. जाऊबाई म्हणाल्या, "वडी जुनी असंल."

मग माझे केस का गळत होते? बाळंतपणामुळे. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, एरवी गळायचे ते केसही टिकून राहतात. बाळ झाल्यावर ते उतरतं आणि दोन-चार महिन्यांनी सगळे थांबलेले केस एकदम सुटतात. मोठा ताप, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट यांनंतरही असंच होतं, दोन-तीन महिने उशिरा. म्हणून खरं कारण कोणाला आठवत नाही आणि बाथरूममधली बाटली गुन्हेगार ठरते. माझे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत परत आले. मधल्या काळात घरात शांतता राहावी म्हणून मी थोडे दिवस शिकेकाईची पूड लावली होती. झालं! आजही कोणाच्या लग्नात भेटलो की जाऊबाई चार बायकांत सांगतात, हिचे केस मी आणले.

तुमच्या मूठभराचा हिशेब असा. रोज ५० ते १०० केस गळणं सगळ्यांनाच असतं. तुम्ही पाच दिवसांनी न्हाता, वेणीत अडकून राहिलेले आधीच्या दिवसांचेही त्याच दिवशी हातात येतात. गळलेला केस नीट बघा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळातून, आपल्या वेळेने सुटलाय. गाठ नसेल तर मधेच तुटलाय, आणि तुटण्याला मात्र तुमची धुण्याची पद्धत जबाबदार असू शकते.

किती दिवसांनी धुवायचे? डोकं तेलकट, खाजरं वाटलं की. घाम येणाऱ्याला एक दिवसाआड, कुरळ्या कोरड्या केसांना आठवड्याने. वार बघून धुणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शाम्पू मगभर पाण्यात कालवा, बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला लावा, नखं नकोत. लांबीला वेगळा चोळायची गरज नाही, ओघळतो तेवढा पुरतो. एका बादलीत होतं, मी केलंय. शिकेकाईच्या पुडीचा चोथा काढायलाच त्याहून जास्त पाणी लागतं. न्हाल्यावर जुना सुती पंचा गुंडाळा, टॉवेलने खसाखसा पुसू नका. ओला केस ताणला की लवकर तुटतो, म्हणून गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने आणि टोकाकडून सोडवा.

कंडिशनर लावा. केस पातळ वगैरे काही होत नाहीत. गुंता नसला की केसांचा पसारा कमी दिसतो, तेच आईंना पातळ वाटत असेल. खराब झालेल्या केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमधली द्रव्यं धन भाराची, म्हणून ती नेमकी झिजलेल्या टोकांना चिकटतात. कानाखालच्या लांबीला लावा, टाळूला नको, दोन मिनिटांनी धुवा. फाटे फुटलेली टोकं मात्र जगातल्या कुठल्याही बाटलीने सांधत नाहीत, ती कापायची.

सासूबाईंचं एक मान्य करते. त्या शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायच्या. साबणाचा साका आम्लाने सुटतो आणि खवलेही बसतात, त्यामुळे साबण लावूनही त्यांचे केस जाऊबाईंपेक्षा मऊ. आणि न्हाण्याआधी खोबरेल लावायच्या, तेही बरोबरच. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाच्या तेलाने किंवा मिनरल ऑइलने तसं होत नाही, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्या लोकांचा आहे हेही सांगून ठेवते. पण तेलाने केस उगवतात, हे खोटं.

कोंडा असेल तर मात्र तेल थापू नका, त्यावरची बुरशी तेलावरच पोसते. किटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आणा. चाई पडली असेल, भांग रुंद होत असेल किंवा गळणं सहा महिन्यांवर गेलं असेल, तर शिकेकाई विरुद्ध शाम्पू हा वादच सोडा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. आणि खऱ्या शेंगा, रिठे आणून उकळून, फडक्यातून गाळून लावणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. डोळे घट्ट मिटा, भयंकर झोंबतं.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्या.